गाडी जागची न हलवता चालकाचं लक्ष मोजायचं आहे? सिम्युलेटर आणि ईईजीचा पहिला प्रयोग करणाऱ्यांसाठी

गाइडने ‘चालकाचं लक्ष ईईजीने मोजू या’ असा विषय दिलाय (ईईजी म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून घेतलेली मेंदूतल्या विजेची नोंद), प्रयोगशाळेच्या कपाटात एक ईईजी संच पडून आहे, आणि सुरुवात कुठून करायची हे सांगायला कुणी नाही, अशी तुमची स्थिती असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षी मी नेमकी इथेच होते. नागपुरात, कॉलेजच्या एका रिकाम्या खोलीत, मी चोवीस चालकांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून त्यांना पडद्यावरच्या रस्त्यावर गाडी चालवायला बसवलं. त्यातल्या पहिल्या सहा जणांच्या नोंदीचा मुख्य भाग मला वापरता आला नाही. ती सहा माणसं कामाचा दिवस मोडून आली होती, याची खंत अजून वाटते. तुमच्याकडे आलेल्या कुणाचा वेळ असा वाया जाऊ नये, म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

विषय आपल्या दारातला आहे. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला, आणि ‘रोड हिप्नोसिस’ (एकसुरी रस्त्यावर चालकाला येणारी गुंगी) हा शब्द घराघरांत बोलला जाऊ लागला. सरळ रस्ता, तुरळक वाहनं, कारला १२० ची मर्यादा. त्या वेगात गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. तीन सेकंद मन भरकटलं की शंभर मीटर रस्ता कुणीच पाहिलेला नसतो. खऱ्या रस्त्यावर हे मोजायला जाणं म्हणजे माणसाचा जीव पणाला लावणं. म्हणून सिम्युलेटर.

१. आधी प्रश्न ठरवा, यंत्र नंतर काढा

ईईजीत ‘लक्ष’ नावाची रेघ उमटत नाही. डोक्यावरच्या दोन जागांमधला विद्युतदाबाचा फरक उमटतो, आणि तोही काही मायक्रोव्होल्टचा, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागांतला. जर्मनीत हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाची अशी पहिली नोंद घेतली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. डोळे मिटल्यावर सेकंदाला दहाच्या आसपास वेळा हेलकावणारी लाट मोठी होते, हे त्यांनी पाहिलं. ही अल्फा लाट (८ ते १३ हर्ट्झ) आजही आपल्या कामाचा पाया आहे. डोक्याच्या मागच्या भागात ती वाढू लागली, तर पेंग किंवा भटकलेलं मन यांचा संशय घ्यायला जागा असते. कपाळाच्या वर, मध्यरेषेवर थीटा (४ ते ८ हर्ट्झ) वाढली, तर सहसा डोक्यावरचा कामाचा भार वाढलेला असतो.

तिसरं माप पी३००. एखादी महत्त्वाची घटना घडल्यावर सुमारे ३०० मिलिसेकंदांनी, बहुधा थोडं उशिराही, डोक्याच्या वरच्या-मागच्या भागात धन दिशेला एक उंचवटा येतो. मन दुसरीकडे गुंतलं असेल तर तो बुटका होतो. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि सहकाऱ्यांनी सिम्युलेटरमध्ये पुढच्या गाडीचे ब्रेकलाइट हीच घटना धरली. हँड्सफ्री फोनवर बोलणाऱ्यांचा पी३०० खूपच खाली आलेला त्यांना दिसला. हात स्टीयरिंगवर होते, डोळे रस्त्यावर होते, तरीही.

आता यातली खरी गोम. या तिन्ही मापांना एकेकट्याने काही अर्थ नाही. एका माणसाची अल्फा मुळातच दुसऱ्याच्या कितीतरी पट असू शकते, आणि त्याचा लक्षाशी काही संबंध नसतो. म्हणून तोच माणूस, तोच रस्ता, दोन वेगळ्या परिस्थिती आणि त्यांतला फरक, एवढंच आपण मोजतो. पुढची प्रत्येक पायरी ही तुलना स्वच्छ राहावी यासाठीच आहे. तुमचा प्रश्न ‘अमुक परिस्थितीत तमुकपेक्षा काय बदलतं’ अशा एका वाक्यात बसत नसेल, तर पुढे जाऊ नका. माझा प्रश्न होता: चाळीस मिनिटांच्या एकसुरी रस्त्यावर पहिल्या दहा आणि शेवटच्या दहा मिनिटांत काय फरक पडतो?

२. परवानगी: हिला सगळ्यात जास्त वेळ द्या

अभियांत्रिकीच्या मुलांना वाटतं की सुई नाही, औषध नाही, मग नीतिमत्ता समिती कशाला. माणसावर प्रयोग म्हटलं की समितीची मान्यता लागते, आणि तीही पहिल्या चालकाला बोलावण्याच्या आधी. नंतर घेता येत नाही. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं मुळातून वाचा. तुमच्या कॉलेजात समिती नसेल, तर दुसऱ्या संस्थेच्या समितीशी करार करून तिच्यासमोर प्रस्ताव मांडण्याची सोय त्यांत आहे. नागपुरात मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स अशा मोठ्या वैद्यकीय संस्था आहेत. तुमच्या गाइडनी विभागप्रमुखांमार्फत रीतसर पत्र देऊन विचारावं, तुम्ही एकट्याने जाऊ नका.

लागणारे कागद:

- प्रयोगाचा आराखडा: किती चालक, किती वेळ, काय मोजणार, काय नाही
- माहितीपत्रक आणि संमतिपत्र, मराठी आणि हिंदी दोन्हींत
- कुणाला घेणार नाही याची यादी. फिट येण्याचा इतिहास, डोक्याला झालेली गंभीर इजा, प्रवासात फार मळमळणं ही कारणं त्यात हवीतच
- चालकांना देणार त्या प्रश्नावल्या
- नोंदी कुठे, किती काळ आणि कुणाच्या ताब्यात राहतील याचं लेखी उत्तर
- गाइडची सही आणि प्रयोग करणाऱ्या सगळ्यांची नावं

संमतिपत्र मराठीत करताना इंग्रजी मसुद्याचं भाषांतर करू नका. मी तसंच केलं होतं. एक ट्रॅव्हल्सचे चालक, रोजची नागपूर-पुणे फेरी करणारे, तो कागद दोनदा वाचून मला म्हणाले, "ताई, सही करतो, पण हे मालकाले तर नाही ना दाखवणार? मले झोप येते असं निघालं तं गाडीवरून काढून टाकतीन." माझ्या चार पानांत या एका प्रश्नाचं सरळ उत्तर कुठेच नव्हतं. मी कागद परत घेतला आणि दुरुस्ती समितीकडून मंजूर करून आणली. पहिल्याच परिच्छेदात आता लिहिलेलं होतं: तुमचं नाव नोंदीवर नसेल, फक्त क्रमांक असेल. तुमच्या मालकाला, आरटीओला किंवा विमा कंपनीला आम्ही काहीही देणार नाही. मध्येच उठून जाता येईल, आणि प्रवासखर्च तरीही मिळेल. हे शब्द लिहायचे असतील तर ते पाळायची तयारी आधी ठेवा. नाव आणि क्रमांक जुळवणारी यादी कागदावर ठेवा, गाइडच्या कुलपात.

आणखी एक. एखाद्याच्या नोंदीत काही विचित्र दिसलं तर? आपण डॉक्टर नाही, निदान करायचं नाही. एखाद्या मेंदूविकारतज्ज्ञाला आधीच गाठून, अशी नोंद त्यांना दाखवायची आणि चालकाशी तेच बोलतील, असं ठरवून प्रस्तावात लिहा.

३. सामान

- किमान ८ चॅनेलचा (एका वेळी ८ जागांची नोंद घेणारा) ईईजी संच, सेकंदाला २५० तरी नोंदी घेणारा
- ५४ आणि ५८ सेंटिमीटर घेराच्या टोप्या, किंवा सुटे कप इलेक्ट्रोड आणि चिकट पेस्ट
- जेल, बोथट सुईच्या सिरिंज, स्पिरिट, कापूस, मायक्रोपोर पट्टी, शिंप्याची टेप
- स्टीयरिंग आणि पेडल (लॉजिटेक जी२९ सारखा संच पुरतो), आणि जड टेबल
- शॅम्पू, टॉवेल, कंगवा, पिण्याचं पाणी

संच उसना आणत असाल तर एकच गोष्ट तपासा: बाहेरून खूण घेण्याची, म्हणजे घटना घडली तो क्षण नोंदीवर उमटवण्याची, सोय त्यात आहे का? दवाखान्यातल्या काही यंत्रांत ती नसते किंवा बंद असते, आणि ती नसेल तर पी३०० विसरा. ओपनबीसीआय कंपनीचा सायटन हा ईईजी बोर्ड ८ चॅनेलला सेकंदाला २५० नोंदी देतो. त्याला डेझी हा जोडबोर्ड लावून १६ चॅनेल केले की वायरलेसवर त्या १२५ होतात. चॅनेल वाढवण्याच्या मोहात हे सुटतं.

खुर्ची चाकांची नको. चालकाने जोरात ब्रेक दाबला की ती मागे सरकते, मान हलते आणि नेमक्या हव्या त्या क्षणाची नोंद जाते.

४. रस्ता

कार्ला आणि ओपनडीएस हे दोन्ही सिम्युलेटर मोफत आहेत. कार्लाचे तयार नकाशे उजवीकडून चालणाऱ्या वाहतुकीचे असतात. आपला चालक त्यावर बसवला, तर त्याच्या मेंदूवर दिसणारा भार उलट्या बाजूने गाडी चालवण्याचाच निघेल. डावीकडच्या वाहतुकीचा रस्ता तयार करा आणि कॅमेरा उजव्या सीटवर आणा. हे करायला मला तीन आठवडे लागले, आणि ते सार्थकी लागले.

रस्ता फार सजवू नका. दोन पदरी एकेरी मार्ग, लांब हलकी वळणं, पुढे एक गाडी जी अनियमित अंतराने ब्रेक लावते. तीव्र वळणं आणि चौक जितके जास्त, तितकी मळमळ जास्त. ब्रेकच्या घटना तीस-चाळीस तरी हव्यात, कारण पी३०० एका घटनेत दिसत नाही, अनेक घटनांची सरासरी काढल्यावर वर येतो. आणि तुलना करायची तर त्या प्रत्येक भागात तेवढ्या लागतात. माझ्या पहिल्या दहा आणि शेवटच्या दहा मिनिटांत म्हणूनच ब्रेक दाट होते, मधली वीस मिनिटं जवळपास कोरी.

ईईजीच्या जोडीला गाडीचीही नोंद घ्या: लेनमधली जागा, वेग, ब्रेकला लागलेला वेळ. गाडी लेनमध्ये किती डुलते, म्हणजे जागेचं प्रमाण विचलन, हे थकव्याचं जुनं आणि दणकट माप आहे. अल्फा वाढली आणि डुलणंही वाढलं, तर तुमच्या बोलण्याला दोन पाय मिळतात.

५. खोली: नागपूरचा उन्हाळा हा प्रयोगाचा भाग आहे

एप्रिल-मे टाळता आले तर टाळा. पारा ४५ च्या पुढे असताना माणूस बाहेरून येतो, डोक्याला घाम असतो, आणि घाम ईईजीत संथ, मोठ्या लाटा आणतो. आधी त्याला वीस मिनिटं थंडाव्यात बसवा.

कूलर नको. आपल्याकडे सवयीने तो लावला जातो, पण त्याची मोटर जवळ असली की वीजपुरवठ्याचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट तारांत शिरतो, आणि दमट हवेत टाळू सुकतच नाही. एसी खोली मागून घ्या. ॲम्प्लिफायर बॅटरीवर, नोंदीचा लॅपटॉपही बॅटरीवर, आणि स्टीयरिंगची केबल ईईजीच्या तारांपासून लांब. सॉफ्टवेअरमधला नॉच फिल्टर (हा गुणगुणाट गाळणारा) ५० वर आहे ना, हे पहिल्याच दिवशी पाहा. अमेरिकी सॉफ्टवेअरमध्ये तो बरेचदा ६० वर असतो. तो तसाच राहिला तर तुमच्या वायरिंगचा आवाज तसाच शिल्लक राहतो आणि तुम्ही आठवडाभर जेलला दोष देत बसता.

६. चालकाला आदल्या दिवशी काय सांगायचं

फोन करून सांगा, आणि नुसतं ‘केस धुऊन या’ म्हणून थांबू नका. आपल्याकडे केस धुतले की तेल लावतात. "शॅम्पूने धुवा, आणि धुतल्यावर तेल लावू नका," असं पूर्ण वाक्य बोला. स्त्रियांना सैल वेणी किंवा मोकळे केस सांगा, अंबाडा टोपीत बसत नाही.

रात्री किती झोप झाली, चहा-कॉफी कधी घेतली, हे प्रत्येकाकडून लिहून घ्या. सगळ्यांना दिवसाच्या एकाच वेळी बोलावा. जेवणानंतर दोन ते चारची पेंग वेगळीच असते.

खर्ऱ्याबद्दल (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाबद्दल) मोकळेपणाने विचारा. विदर्भात हा प्रश्न टाळून चालत नाही. तोंडात खर्रा असला तर जबड्याच्या स्नायूंचा आवाज सगळ्या चॅनेलवर पसरतो, आणि तो बीटा लाटेच्या पट्ट्यातच (१३ ते ३० हर्ट्झ) पडतो. शिवाय निकोटिन मेंदूला जागवतं. पण रोज दहा पुड्या खाणाऱ्याला चार तास बंद ठेवलं तर त्याची तगमगच मोजली जाईल. मी शेवटची पुडी एक तास आधी असा नियम केला, आणि वेळ लिहून ठेवली. उपदेश केला नाही, करूही नये. तो माणूस आपल्याला मदत करायला आलेला असतो.

७. टोपी

नाकाच्या मुळाशी असलेल्या खळग्यापासून डोक्यामागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत टेप धरा. समजा ३६ सेंटिमीटर आले. टेन-ट्वेंटी या इलेक्ट्रोडच्या जागा ठरवण्याच्या प्रमाणित पद्धतीत पुढून दहा टक्के, मग वीस-वीस टक्के (एफझेड, सीझेड वगैरे ही त्या जागांची नावं): कपाळाची खूण ३.६ वर, एफझेड १०.८ वर, सीझेड बरोबर मध्यात १८ वर, पीझेड २५.२ वर, ओझेड ३२.४ वर. कानापासून कानापर्यंतही मोजा. सीझेड दोन्ही रेषांच्या छेदावर हवा. टोपी अंदाजे बसवली की सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरने सरकते, आणि एकाचा पीझेड दुसऱ्याच्या पीझेडवर बसत नाही.

बोथट सुईने केस बाजूला सारायचे, टाळू हलकेच चोळायची, खालून वर जेल भरत यायचं. जेल जास्त झालं तर शेजारच्या दोन इलेक्ट्रोडमध्ये पूल होतो आणि दोन्हीकडे एकच रेघ दिसते. इलेक्ट्रोड आणि टाळू यांच्यातला विद्युतरोध ५ किलोओहमच्या खाली आणा, दहापर्यंत चालवून घ्या. संदर्भाचे इलेक्ट्रोड कानांमागच्या हाडावर. तिथे स्पिरिटने पुसायला विसरू नका.

मग चालकाला पडदा दाखवा. त्या ट्रॅव्हल्सवाल्या भाऊंनी विचारलं होतं, "डोक्यातलं सगळंच दिसते काय याच्यात?" मी त्यांना डोळे मिटायला सांगितलं, दहा सेकंद थांबले, मग उघडायला सांगितलं आणि नोंद मागे नेऊन दाखवली. ओझेडवरची रेघ आधी बारीक, मग दातेरी कंगव्यासारखी, मग पुन्हा बारीक. "एवढंच दिसतं भाऊ. काय विचार केला ते दिसत नाही." त्यांचे खांदे सैल झालेले मला दिसले. ही तुमचीही तपासणी आहे. बहुतेकांत डोळे मिटल्यावर अल्फा ठळक वाढते. नाही वाढली तर आधी टोपी तपासा.

८. खुणा: माझी सहा माणसं इथे गेली

सिम्युलेटर एका संगणकावर, ईईजी दुसऱ्यावर. मी दोन्हीकडची बटणं एकदम दाबायची आणि दोन्ही घड्याळं बरोबर चालतात असं धरायची. पण बोटं एकदम पडत नाहीत, आणि दोन संगणकांची घड्याळं हळूहळू फाकतात. प्रत्येकाच्या नोंदीत फरक वेगळा. पी३०० येतो ३०० मिलिसेकंदांवर, आणि माझी चूकच त्याच्या जवळपास. सरासरी काढली तर सपाट रेघ. मला वाटलं चालकांचं लक्षच नव्हतं. लक्ष होतं, माझी खूण चुकीच्या जागी होती.

हे करा:

- लॅब स्ट्रीमिंग लेयर हे सॉफ्टवेअर वापरा. ते दोन्ही प्रवाहांची वेळ एका घड्याळावर आणतं.
- पण पडद्यावर चित्र प्रत्यक्षात कधी उमटलं हे त्याला कळत नाही. म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात, ब्रेकलाइट लागताच पांढरा होणारा चौकोन ठेवा, त्यावर फोटोडायोड (प्रकाश टिपणारा छोटा घटक) चिकटवा आणि त्याचा सिग्नल ईईजीच्या रिकाम्या चॅनेलला द्या. चालकाला तो चौकोन दिसू नये म्हणून काळी पट्टी लावा.
- चालक न बसवता शंभर घटना चालवा. खूण आणि प्रकाश यांतलं अंतर दरवेळी जवळपास सारखं आलं तर ते वजा करता येतं. कमी-जास्त होत असेल तर दुरुस्त होईपर्यंत कुणालाही बोलावू नका.

९. प्रयोगाचा दिवस

दहा मिनिटं सराव. नोंदीशिवाय, हात बसेपर्यंत. मग दोन मिनिटं डोळे उघडे, दोन मिनिटं मिटलेले, शांत. ही पायाभूत नोंद घाईत गाळली जाते आणि नंतर तिच्यावाचून अडतं. मग गाडी.

मध्ये बोलू नका. फोन बंद, दारावर पाटी. केंव्हा शिंक आली, केंव्हा बाहेर हॉर्न वाजला, वहीत वेळेसकट लिहा.

सुरू करण्याआधी आणि संपल्यावर पेंगेची कॅरोलिन्स्का श्रेणी (१ ते ९) विचारा. संपल्यावर कामाच्या भारासाठी नासा-टीएलएक्स ही प्रश्नावली, आणि मळमळीची लक्षणं. चालक फिकट पडला, सारखा आवंढा गिळू लागला, तर तो नको म्हणाला तरी थांबवा. उठल्यावर अर्धा तास बसवून ठेवा आणि मगच दुचाकीची किल्ली हातात घेऊ द्या. कोमट पाणी आणि शॅम्पू तयार ठेवा. डोक्यात जेल घेऊन कुणालाही रस्त्यावर पाठवू नका.

१०. विश्लेषण

एमएनई-पायथन हे ईईजी विश्लेषणाचं सॉफ्टवेअर मोफत आहे. मॅटलॅब असेल तर ईईजीलॅब. १ ते ४० हर्ट्झ फिल्टर, खराब चॅनेल बाजूला, मग आयसीए (मिसळलेले सिग्नल वेगळे करण्याची गणिती पद्धत) लावून पापण्यांचे उंचवटे काढणं. पी३०० साठी मात्र खालची मर्यादा ०.१ च्या आसपास ठेवा, नाहीतर उंचवट्याचा आकारच बिघडतो. आयसीए १ हर्ट्झच्या प्रतीवर चालवून त्याचा निकाल मूळ नोंदीला लावता येतो. घटनेच्या २०० मिलिसेकंद आधीपासून ८०० नंतरपर्यंतचा तुकडा कापा.

बीटा भागिले (अल्फा अधिक थीटा), हा ‘गुंतलेपणाचा निर्देशांक’ सगळीकडे भेटेल. गाडी चालवताना तो वापरायला मी तरी सांगणार नाही. स्टीयरिंग घट्ट धरलं, दात आवळले की स्नायूंचा आवाज बीटात शिरतो आणि निर्देशांक वाढतो. माणूस सावध झाला की नुसता ताठरला, हे त्यातून कळत नाही.

११. लिहिताना

‘चालकांचं लक्ष शेवटी कमी झालं’ असं वाक्य प्रबंधात आलं की परीक्षक तिथेच बोट ठेवतील, आणि ते बरोबरच असेल. मी शेवटी जे वाक्य लिहिलं त्याचा साचा असा: ‘त्याच चालकांमध्ये, त्याच रस्त्यावर, पहिल्या दहा मिनिटांच्या तुलनेत शेवटच्या दहा मिनिटांत ओझेडवरची अल्फा वाढली, ब्रेकला उशीर झाला आणि लेनमधलं डुलणं वाढलं.’ प्रत्येकाची रेघ वेगळी दाखवणारा आलेख त्याच पानावर द्या. ज्यांच्यात उलट झालं त्यांच्याही रेघा ठेवा. माझ्या अठरा जणांत असे तिघे होते, आणि तोंडी परीक्षेत सगळ्यात जास्त वेळ त्या तिघांवरच बोलणं झालं.